डोंबिवलीतला दोन फुटी समुद्र: टोडस्टूल सहा दिवसांपासून मिटलंय, चिलर घेऊ का?

खारंबिस्कीट | १४ मे, २३:१२

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातल्या माशांवर इथे दोन-तीन जुने धागे सापडले, खाऱ्यावर एकही नाही. म्हणून हा नवा.

टाकी २४ × १८ × १८ इंच. काचेत १२० लिटर मावतं, दगड-वाळू वजा करून पाणी १०० लिटर धरा. अकरा महिने झाले. दोन क्लाउनफिश, एक फायरफिश, एक क्लीनर कोळंबी आणि काच चाटणाऱ्या गोगलगायी. प्रवाळ सगळे मऊ जातीचे, म्हणजे दगडी सांगाडा न बांधणारे: वाटीएवढं एक टोडस्टूल, केनिया ट्री, मागच्या काचेवर जीएसपीची (ग्रीन स्टार पॉलिपची) हिरवळ, चार मशरूम, झेनियाचा झुपका आणि झोआंचा एक दगड. एलईडी दिवा रोज नऊ तास. कॅल्शियमबिल्शियम काही घालत नाही. दर रविवारी दहा लिटर पाणी बदलायचं, एवढंच.

आता रडगाणं. एप्रिलअखेर पाणी ३१ अंशांवर गेलं. क्लिपचा पंखा लावला, तेव्हापासून २९च्या आसपास आहे. पण टोडस्टूल सहा दिवस झाले मिटलंय, वरून मेण चोपडल्यासारखं चकाकतंय. केनिया ट्री मान टाकून आहे. झोआ अर्धेमुर्धे उघडतात. मासे मजेत. अमोनिया शून्य, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०८, खारटपणा मोजणारा हायड्रोमीटर नेहमीसारखा १.०२५.

चिलरची, म्हणजे टाकीतलं पाणी गार करणाऱ्या यंत्राची, किंमत विचारली, २८ हजार. सगळी टाकी उभी करायला मला चाळीसच्या आसपास लागले होते. बायको म्हणते, त्या पैशांत आई-बाबांच्या खोलीत एसी बसेल. मुद्दा बिनतोड आहे, म्हणून तुमच्याकडे आलोय. चिलर घेऊ, की एकेक प्रवाळ देऊन टाकू आणि गप्पी पाळू?

कालवण | १४ मे, २३:२०

वाटीभर टोडस्टूल, चार मशरूम, एक कोळंबी. ओलं खोबरं मी आणतो. (ह. घ्या.)

पापलेट | १४ मे, २३:३१

कालवण, तुमच्या आयडीला जागलात.

धागाकर्ते, फोटो? फोटो नसेल तर टोडस्टूल आहे की फुलकोबी, ते कसं कळणार?

मुळाकाठची | १५ मे, ००:०५

अहो घाबरू नका. टोडस्टूल कात टाकतंय. त्याच्यावर मेणासारखा पापुद्रा येतो, चार दिवसांपासून आठवड्यापर्यंत ते मिटून बसतं, मग पापुद्रा सुटतो आणि आधीपेक्षा टवटवीत होऊन उघडतं. वर शेवाळ आणि घाण साचू नये म्हणून त्याची ही सोय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रात्री दोन वाजता नवऱ्याला उठवलं होतं. फिरता पंप थोडा त्याच्या दिशेने वळवा, म्हणजे पापुद्रा वाहून जाईल. हाताने ओरबाडू मात्र नका.

खारंबिस्कीट | १५ मे, ०७:४०

@मुळाकाठची, जीव भांड्यात पडला. पंप वळवला. आता फक्त चिलरचा प्रश्न.

वाळ्याचा पडदा | १५ मे, ०९:१५

नागपूरहून लिहितोय. काल बाहेर ४४ होतं, माझ्या टाकीत २६.५. चिलर नाही. दोन पंखे पाण्यावर तिरके, आणि खोलीत कूलर आहेच. डोंबिवलीच्या ३५ अंशांत तुमचं पाणी २९ आणि आमच्या ४४ अंशांत २६.५! विदर्भात या, संत्री पण मिळतील.

सोळा आणे | १५ मे, ०९:५८

यात जादू काही नाही. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. शंभर लिटरच्या टाकीतून एक लिटर उडालं, तर उरलेलं पाणी साडेपाच अंशांनी उतरावं इतकी ही उष्णता आहे. प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही, कारण खोलीतून, दिव्यातून, पंपातून नवी उष्णता येतच राहते.

पण पाणी उडायला हवा कोरडी लागते. पंख्याने पाणी किती खाली येईल त्याला मर्यादा आहे, ती वेट बल्ब तापमानाची, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवेल त्याची. माठाचंही तेच. नागपूरच्या कोरड्या ४४ अंशांत ही मर्यादा २३-२४च्या घरात असते. डोंबिवलीत ३५ अंश आणि हवा दमट असेल तर २८च्याही वर. म्हणजे धागाकर्त्यांनी पंखा लावून २९ गाठले, ही त्या पंख्याची कमाल मजल आहे. दुसरा लावला तर घाम तेवढा जास्त येईल.

वाळ्याचा पडदा | १५ मे, १०:०२

म्हणजे माझं काहीच कर्तृत्व नाही म्हणता.

सोळा आणे | १५ मे, १०:०४

कूलरमध्ये पाणी भरण्याचं आहे ना.

बारा डब्बा जलद | १५ मे, ११:३०

ठाण्याहून. चिलरबद्दल एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. चिलर म्हणजे फ्रिजचा भाऊ. पाण्यातली उष्णता काढतो आणि मागच्या जाळीतून तुमच्याच हॉलमध्ये सोडतो. १० × १२च्या हॉलमध्ये मे महिन्यात मासे गारेगार आणि माणसं शिजलेली, असा एक उन्हाळा आम्ही काढलाय. शेवटी विकला.

मी आता काय करतो: दिवा दुपारी बंद, संध्याकाळी पाच ते रात्री एक चालू. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला उजेडाचे तास मोजून मिळाले की झालं, ते सूर्योदयाला मिळाले की सूर्यास्ताला, त्याचं त्याला सोयरसुतक नाही. दिव्याची उष्णता आणि दुपारचं ऊन एकत्र येत नाही, एक-दीड अंशाचा फरक पडतो. शिवाय ऑफिसातून आल्यावर बघायला मिळतं. टाकीच्या आतला पंप पाणी तापवतो, तोही तपासा.

आणि बर्फाची बाटली टाकू नका. दुपारी २६, रात्री ३०, पुन्हा २६. सतत २९ असणं त्यापेक्षा बरं.

दर्याकिनारी | १५ मे, १३:१०

विरोधी सूर लावतोय, राग मानू नका. मी मालवणचा. १९८७पासून इथे सागरी अभयारण्य आहे, किल्ल्याच्या आसपास ओहोटीला डोकं पाण्यात घातलंत तर प्रवाळ दिसतं. विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, पाण्याखालचं प्रवाळाचं अख्खं पठार. एवढं असताना काचेच्या पेटीत चार तुकडे ठेवून वर त्यांना गार कसं करायचं यावर खल करायचा, हे मला पटत नाही. जे जिथलं ते तिथे राहू द्या. पाणी तापून पांढरं पडलेलं प्रवाळ मी डोळ्यांनी पाहिलंय. समुद्राला चिलर लावता येत नाही.

कलम ३९ पोटकलम | १५ मे, १४:२५

दर्याकिनारी यांच्या भावनेशी सहमत, पण कायद्याचा एक मुद्दा स्पष्ट करते, कारण या विषयावर फार गैरसमज आहेत.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळं घातली गेली: रीफ (समुद्रातले प्रवाळखडक) बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सगळे सी फॅन. समुद्री घोडे आणि सी कुकुंबरही त्याच सुमारास आले. २०२२च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे, पण रीफ बांधणाऱ्या प्रवाळांचं संरक्षण कायम आहे. म्हणजे ‘जिवंत दगड’ म्हणून किनाऱ्यावरून प्रवाळाचा मेलेला तुकडा उचलून आणणं हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. सहलीची आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवलेला पांढरा तुकडाही त्यातच आला.

धागाकर्त्यांनी लिहिलेले टोडस्टूल, केनिया ट्री, झेनिया, मशरूम त्या यादीत नाहीत. तरी बिल घ्या, माल कुठून आला ते विचारा. विक्रेता ‘साहेब, सगळं ओके आहे’ एवढंच म्हणाला तर दुकान बदला.

खारंबिस्कीट | १५ मे, १५:०३

धन्यवाद वकीलबाई. माझे दगड कृत्रिम आहेत, सिरॅमिकचे. सुरुवातीला बाथरूमच्या टाइल्ससारखे दिसायचे, आता जांभळं शेवाळ चढल्यावर बरे दिसतात.

दर्याकिनारी, तुमचं म्हणणं मला लागतं हे कबूल. पण माझं केनिया ट्री ठाण्यातल्या एका काकांच्या टाकीतल्या केनिया ट्रीची फांदी आहे, आणि त्यांनी ते कल्याणहून आणलं होतं. तीन पिढ्या मध्य रेल्वेवर.

मुळाकाठची | १५ मे, १५:४०

हेच लिहायला आले होते. मऊ प्रवाळ म्हणजे जास्वंद. टोडस्टूलची टोपी स्वच्छ ब्लेडने कापा, तुकडा जाळीखाली दगडावर ठेवा, दोन-तीन आठवड्यांत चिकटतं. कापलेल्या बुंध्यालाही नवी टोपी फुटते. केनिया ट्री तर विचारतही नाही, स्वतःच फांद्या गाळतं. मी गेल्या वर्षी सव्वीस तुकडे फुकट वाटले, त्यातले चार जबरदस्तीने. समुद्रातून एकही न आणता पुण्यातल्या पुण्यात हे चालू आहे. क्लाउनफिशसुद्धा आता पैदास केलेले मिळतात, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र केव्हाच बसवलंय. पकडलेला मासा घ्यायची गरजच नाही.

पापलेट | १५ मे, १६:१२

तुकडा चिकटवायला काय वापरता? फेविक्विक?

मुळाकाठची | १५ मे, १६:१५

जेलवालं, हो. सायनोअ‍ॅक्रिलेट पाण्यातही घट्ट होतं. पण टोडस्टूल बुळबुळीत असतं, त्याला गोंद धरत नाही. तिथे जाळी किंवा दोरा.

आयोडेक्स मलिए | १५ मे, १७:५०

डॉक्टर आहे म्हणून लिहितोय, दुकानदार सांगतीलच असं नाही. झोआ आणि विशेषतः त्यांचे भाऊ पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. १९७१मध्ये हवाईतल्या पॅलिथोआमधून ते वेगळं केलं गेलं. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. हाताळताना हातमोजे आणि चष्मा. कापायचेच असतील तर पाण्याखाली धरून, तोंडावर पाणी उडणार नाही असं. हाताला जखम असेल तर टाकीत हात नको.

सगळ्यात महत्त्वाचं: दगडावर नको असलेले झोआ वाढले म्हणून दगड उकळू नका. गरम पाणीही ओतू नका. वाफेतून विष श्वासात जातं आणि अख्खं घर दवाखान्यात पोचल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. नको असलेला दगड ओला असतानाच दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

अवांतर: झोआ शास्त्रीयदृष्ट्या मऊ प्रवाळ नाहीत. खऱ्या मऊ प्रवाळाच्या प्रत्येक पॉलिपला, म्हणजे फुलासारख्या इवल्या जिवाला, आठ शुंडक (सोंडेसारखे हात) असतात. टोडस्टूलचं एक बोंड भिंगातून बघा आणि मोजा. मशरूमही त्या घराण्यातलं नाही. पण दुकानात सगळ्यांना एकच पाटी.

कालवण | १५ मे, १७:५८

मी खोबरं परत घेऊन जातो.

उंबरठा | १५ मे, १८:३०

आठ शुंडकवाल्यांत आपल्या अंगठीतलं पोवळंही येतं ना? की मी चुकतेय?

आयोडेक्स मलिए | १५ मे, १८:४१

अगदी बरोबर. दागिन्यातलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातल्या एका अष्टशुंडक प्रवाळाचा सांगाडा आहे. कठीण असलं तरी नात्याने ते टोडस्टूलच्या जवळचं, रीफ बांधणाऱ्या दगडी प्रवाळांच्या लांबचं.

पापलेट | १५ मे, १८:४७

म्हणजे मंगळ असलेल्याने टोडस्टूल पाळलं तर चालेल? अंगठीपेक्षा स्वस्त पडेल.

बारा डब्बा जलद | १५ मे, १८:५५

मंगळ शांत होईल, वीजबिल भडकेल.

शिवाजीपार्कचा कट्टा | १५ मे, २०:२०

मुंबईकरांनो, टाकी घेण्याआधी ओहोटीला हाजीअलीच्या किंवा कार्टर रोडच्या खडकांवर जाऊन या. हिरवे-तपकिरी झोआ सतरंजीसारखे पसरलेले असतात, फुकट. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’वाले २०१७पासून लोकांना तिथे फिरायला नेतात. कोस्टल रोडच्या कामात वरळी-हाजीअलीचं प्रवाळ २०२०मध्ये उचलून दुसरीकडे लावलं गेलं, तेव्हा बऱ्याच मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की आपल्याकडे प्रवाळ होतं. फक्त बघा. उचलू नका. वकीलबाई बघतायत.

टाकीबद्दल: मुंबईत वीज जात नाही या भरवशावर राहू नका. १२ ऑक्टोबर २०२० आठवतो का? सकाळी दहाला ग्रिड कोसळली. माझी टाकी चौथ्या मजल्यावर, पंप बंद, पाणी उबदार, म्हणजे प्राणवायू आधीच कमी. अडीच तास मी आणि मुलगी आळीपाळीने मगाने टाकीतलं पाणी वरून ओतत होतो. सगळे वाचले. मुलीची ऑनलाइन शाळा बुडाल्याचा तिला झालेला आनंद अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी सेलवर चालणारा हवेचा पंप आणला. तीनशे-चारशे रुपयांची वस्तू, चिलरआधी ही घ्या.

मुळाकाठची | १५ मे, २०:४४

पुण्यात आमच्या भागात गुरुवार ठरलेला. आमचे प्रवाळ गुरुवारचा उपास करतात.

जलपरी लीड्सची | १५ मे, २१:३०

इकडे प्रश्न उलटा, हीटरचा. दोन हिवाळ्यांपूर्वी थर्मोस्टॅट अडकला, हीटर बंदच होईना. सकाळी पाणी ३४. झेनिया वितळून गेली, अक्षरशः. आणि जीएसपी? तिसऱ्या दिवशी हिरवीगार. तेव्हापासून दोन छोटे हीटर आणि मध्ये वेगळा कंट्रोलर. सासूबाई बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘एवढं बाळाचं तरी केलं होतंस का?’

माजघर | १५ मे, २२:०५

आमच्याकडचा किस्सा. आमच्या आत्याबाईंनी टाकीत तांब्याचा पैसा सोडला, लक्ष्मी नांदावी म्हणून. मिठाच्या पाण्यात तांबं हळूहळू विरघळतं आणि कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ या सगळ्यांना ते विष. माशांच्या औषधांतही तांबं असतं, म्हणून ती प्रवाळाच्या टाकीत कधीच घालत नाहीत. आठवड्यात कोळंबी गेली. पैसा वाळूखालून निघाला, हिरवा झालेला. तुमच्याकडे कोणी काही टाकलंय का बघा. डास मारायचं लिक्विड त्याच खोलीत लावता का? तेही कोळंबीच्या जातीला फार घातक.

खारंबिस्कीट | १५ मे, २२:३०

नाही हो, कोळंबी ठणठणीत आहे. डासांना आम्ही जाळ्या लावल्यात. आमच्याकडे टाकीला कोणी हात लावत नाही, फक्त बाबा दिवसा लक्ष ठेवतात.

टीडीएस शून्य | १५ मे, २३:१५

अख्खा धागा वाचला. मंडळी, सगळं छान, पण एक गोष्ट जुळत नाहीये.

कात टाकणं टोडस्टूलपुरतं ठीक. केनिया ट्रीने मान का टाकली? झोआ अर्धे का मिटले? तीन वेगवेगळ्या घराण्यातले जीव एकाच आठवड्यात रुसले तर कारण पाण्यात शोधायचं. २९ अंश म्हणाल, तर ३१ असताना ते उघडे होते. मग पंखा लावल्यानंतर काय बदललं?

तीन प्रश्न:
रोज पाणी किती उडतं?
भर कोण घालतं, कशातून?
१.०२५ ज्यावर बघता तो हायड्रोमीटर काट्याचा आहे का, आणि शेवटचा कधी धुतला?

खारंबिस्कीट | १५ मे, २३:४०

पंखा लावल्यापासून रोज तीन लिटर उडतं. सकाळी निघताना मी दोन लिटर आरओचं घालतो. (घरच्या आरओचं नाही, त्याचा टीडीएस साठ येतो. एकजण शून्य टीडीएसचं कॅनमधून आणून देतो.) दुपारी पातळी उतरते म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यापासून बाबा एक लिटर घालतात. त्यांना सांगून ठेवलंय, गॅलरीतल्या निळ्या ड्रममधलं घाला म्हणून.

हायड्रोमीटर काट्याचाच आहे. धुतला कधी... पास.

टीडीएस शून्य | १५ मे, २३:४४

गॅलरीत निळे ड्रम किती?

बारा डब्बा जलद | १५ मे, २३:५२

अरे देवा.

पापलेट | १६ मे, ००:१०

खारंबिस्कीट? ओ?

सोळा आणे | १६ मे, ००:३०

झोप येईना म्हणून हिशोब केला. पाणी उडतं तेव्हा मीठ मागेच राहतं, म्हणून भर गोड्याच पाण्याची घालायची. रविवारच्या बदलीसाठी कालवून ठेवलेल्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ. त्यातलं रोज एक लिटर जात असेल, तर अकरा-बारा दिवसांत ४०० ग्रॅम जास्तीचं मीठ शंभर लिटरात. म्हणजे क्षारता ३५ वरून ३९. रविवारच्या बदलीने थोडी उतरली असेल.

काट्याच्या हायड्रोमीटरवर मिठाचे कण बसले की काटा जड होतो आणि कमी दाखवतो. म्हणून १.०२५ ‘नेहमीसारखंच’.

खारंबिस्कीट | १६ मे, ०६:२०

ड्रम दोन आहेत. दोन्ही निळे. एक दुकानदाराने दुसऱ्यावर फुकट दिला होता.

बाबा रोज डाव्या ड्रममधून घालत होते. डावा म्हणजे रविवारचं कालवलेलं पाणी. मला दर रविवारी वाटायचं, ड्रम इतका रिकामा कसा, बाष्पीभवन असेल म्हणून सोडून द्यायचो. झाकण लावलेल्या ड्रममधून बाष्पीभवन. मी इंजिनिअर आहे.

बारा डब्बा जलद | १६ मे, ०७:०५

माझ्याकडे क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आहे, ३५च्या प्रमाणित द्रावणाने जुळवलेला. आज ६:१२च्या कल्याण स्लोने डोंबिवलीला उतरतो, तिकीटघराशी या. आणि ते एकदम दुरुस्त करायला जाऊ नका, मोजल्याशिवाय पाण्याला हात नको.

खारंबिस्कीट | १६ मे, २०:४०

मोजलं. ३९.

टीडीएस शून्य | १६ मे, २१:०२

आता सावकाश. चढायला बारा दिवस लागले, एका रात्रीत उतरवलंत तर खरंच काहीतरी जाईल. रोज टाकीतलं अडीच लिटर पाणी काढा, तेवढंच शून्य टीडीएसचं थेंबथेंब सोडा. त्याने दिवसाला एक अंक उतरतो. उडालेल्याची भर वेगळी, तीही गोडीच. चार दिवस. या रविवारची बदली रद्द. नंतर पातळी बघून आपोआप भर घालणारा छोटा पंप बसवा, चिलरच्या दहाव्या हिश्शात येतो.

वडिलांना काही बोलला नाहीत ना?

खारंबिस्कीट | १६ मे, २१:१५

बोलणार काय. त्यांनी नेमाने रोज चार वाजता, मापाच्या भांड्याने, एक लिटर घातलंय. वहीत तारीखवार नोंद आहे. निवृत्त पोस्टमास्तर आहेत. वही दाखवली आणि म्हणाले, ‘एक दिवस चुकवला नाही.’ त्या वहीमुळेच बारा दिवस हा आकडा कळला.

उंबरठा | १६ मे, २१:२२

आई गं.

दर्याकिनारी | १७ मे, ०९:३०

मालवणातून एक गोष्ट सांगतो. तुमच्यावर टीका केली होती, पण हे वाचून राहवत नाही. पावसात ओढ्यांचं पाणी येऊन मिळतं तेव्हा आमच्या किनाऱ्यालगतचं पाणी मचूळ होतं, आणि मे महिन्यात खडकातल्या डबक्यांतलं इतकं खारट होतं की कडेला मीठ धरतं. डबक्यातले जीव दोन्ही सोसतात, पण भरती येईपर्यंतच. तुमच्या टाकीला भरती नाही, म्हणून ती तुम्ही आणायची. हळूहळू आणा.

पेटीतलं प्रवाळ मला अजूनही पटलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

कलम ३९ पोटकलम | १७ मे, १०:०१

नोंद घेतली.

हरभऱ्याचं झाड | १९ मे, १३:४५

नवीन सदस्य. धागा वाचून टाकी घ्यावीशी वाटतेय. एक फुटाचा चौकोनी नॅनो टँक घेतला तर स्वस्तात होईल ना?

मुळाकाठची | १९ मे, १४:२०

टाकी जितकी लहान, तितका हा सगळा गोंधळ लवकर. तीस लिटरात त्याच एका लिटरने तीन-चार दिवसांत हीच पाळी आली असती. दोन फुटांच्या खाली जाऊ नका. आणि पाणी भरल्यावर पहिले चार ते सहा आठवडे आत काहीही सोडायचं नाही, अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू जमू द्यायचे. रिकाम्या टाकीकडे दीड महिना बघवत असेल तरच या छंदात या.

कालवण | १९ मे, १४:२६

रिकाम्या ताटाकडे दहा मिनिटं बघवत नाही.

जलपरी लीड्सची | २१ मे, २२:१०

खारंबिस्कीट, काय झालं पुढे? इकडे मी आणि नवरा रोज विचारतोय.

खारंबिस्कीट | २२ मे, २३:०५

क्षारता ३५. तिसऱ्या दिवशी झोआ उघडले. केनिया ट्री चौथ्या दिवशी उभं राहिलं, तीन फांद्या गाळून. टोडस्टूलचा पापुद्रा काल रात्री सुटला, पंपाच्या झोतात साबणाच्या फेसासारखा गेला, आणि आज संध्याकाळी ते असं काही फुललंय की आई म्हणाली, ‘हे आधी असं दिसायचं?’ आठ शुंडक भिंगातून मोजले. आठच आहेत.

चिलर घेत नाही. दिवा संध्याकाळी पाच ते रात्री एक केला, पाणी २८.२. भर घालणारा पंप मागवला. एसी आई-बाबांच्या खोलीत बसला, आणि आता बाबा म्हणतायत, टाकी आमच्या खोलीत हलवा, म्हणजे एकाच एसीत दोन्ही कामं. बायको सध्या काही बोलत नाहीये.

@टीडीएस शून्य, @सोळा आणे, आभार कसे मानू. @बारा डब्बा जलद, रिफ्रॅक्टोमीटर सोमवारी परत, सोबत केनिया ट्रीची एक फांदी.

बारा डब्बा जलद | २२ मे, २३:११

फांदी नको! ते माझ्याच टाकीतलं आहे. मीच तो ठाण्यातला काका.

पापलेट | २२ मे, २३:१४

खिक्क. चौथी पिढी उलट्या गाडीने.

खारंबिस्कीट | २३ मे, ०८:३०

काका, तुम्ही?! फांदी दुसऱ्याच्या हातून आली होती, तिकीटघराशी भेटलो तरी कळणार कसं.

बरं, एक राहिलं. बाबांनी काल तैलरंग आणून दोन्ही ड्रमांवर पोस्टाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय. डाव्यावर ‘खारे’, उजव्यावर ‘गोडे’. खाली बारीक अक्षरात ‘खात्री करून मगच घालणे’. गॅलरीत कपडे वाळत घालायला येणाऱ्या शेजारच्या काकूंनी विचारलं, गोडे म्हणजे गोडेतेल का.